योनानचा आवाज कुठवर पोचला

महिना झाला. गडचिरोलीच्या बस स्टँडवर सावलीला, आमच्या गावी, जाणाऱ्या गाडीची वाट पाहत उभा होतो, तेव्हा मोबाईलवर निरोप आला, थेट स्वीडनहून. योनानच्या मुलीने लिहिलं होतं, बाबा रविवारी गेले, त्यांच्या पत्त्यांच्या वहीत तुमचं नाव अगदी वर होतं. घरी येऊन बायकोला सांगितलं. "तो रेडिओवाला?" तिने हातातलं तांदळाचं सूप खाली ठेवलं. "एकदाई भेटले नाई न तुमी त्याले..." नाही भेटलो. तरी त्या दिवशी मी जेवलो नाही.

योनान असीरियन होता. मी सावलीच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. त्यात हे लोक एका धड्यात यायचे आणि त्याच धड्यात संपायचे. निवृत्त झाल्यावर एका संध्याकाळी साडेसातला शॉर्टवेव्हची सुई फिरवताना एक अनोळखी भाषा लागली. शेवटी इंग्रजीत पत्ता सांगितला, तेव्हा कळलं की हे संपलेले लोक चांगले अर्धा तास बोलत होते. आम्हा शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्यांची एक रीत आहे. दूरचं केंद्र लागलं की त्याला पत्राने कळवायचं, कधी ऐकलं, कुठे ऐकलं, आवाज पाचपैकी किती. मी लिहिलं, सावली, जिल्हा चंद्रपूर, पाचपैकी पाच. उत्तर त्या कार्यक्रमात बोलणाऱ्या योनानने स्वतःच्या हाताने लिहिलं, मोडक्या इंग्रजीत. माझं तरी कुठे धड होतं?

त्या पत्रांतूनच तो मला कळत गेला. उत्तर इराकमधल्या एका खेड्यातला मास्तर. शिरगणतीच्या कागदावर त्याने 'असीरियन' लिहिलं, साहेबाने खोडून 'अरब' केलं, याने खाली पुन्हा लिहिलं. नोकरी गेली, तुरुंग झाला. सुटल्यावर आपल्या लोकांची संघटना बांधली आणि मग देशच सोडावा लागला. बाहेरच्या देशातून तो या केंद्रावर बोलू लागला. थोरली बहीण शमिरान गावातच राहिली. तिच्याकडे फोन नव्हता, पत्रं वाटेत फोडली जायची. रेडिओवर तो सगळ्या असीरियन लोकांशी बोलायचा खरा, पण जीव अडकलेला त्या एका बहिणीत. मी आपला चौकस, तुमच्या लग्नात काय जेवतात, पेरणी कधी करता, असलं काहीबाही विचारायचो आणि तो चार-चार पानं लिहायचा. एकदा त्यानेच विचारलं, तुमच्या जंगलात कोणती भाषा आहे आणि पोरं ती शाळेत शिकतात का? गोंडी, एवढंच मी लिहिलं. पुढचं टाळलं, कारण वर्गात गोंडी बोलणाऱ्या पोरांना "मराठीत बोल" म्हणून मीच दटावलं होतं. पुढच्या पत्रात त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला... भारी चिवट माणूस.

दोन वर्षं मी पाचपैकी पाच पाठवत राहिलो. मग एकदा एकाच पानाचं पत्र आलं. गावाकडून सीमा ओलांडून आलेल्या कुणीतरी शमिरानचा निरोप आणला होता, "दोन वर्षं तुझा आवाज नाही. आहेस ना?" शॉर्टवेव्हचा आवाज आभाळाला आपटून लांब जाऊन उतरतो आणि मधला पट्टा कोरडा राहतो, हे मला पोरवयापासून ठाऊक. आमच्याकडे एवढा खणखणीत येतोय म्हणजे त्याच्या गावावरून उडून जात असेल, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. माझ्या पाचावर विसंबून त्याने काहीच बदललं नव्हतं. मला माझी फार लाज वाटली, अजूनही वाटते.

तो रागावला नाही, त्याने मला कामाला लावलं. आम्ही रेडिओवरची जागा बदलत राहतो, तुम्ही रोज ऐका, तुमच्याकडे आवाज क्षीण झाला की आमच्या गावाकडे उतरतोय असं धरू. पाचाचे तीन झाले, तिनाचा एक. एका संध्याकाळी नुसती खरखर, आणि मी खुशीत कागद-पेन शोधायला उठलो. "ऐकू नाई आलं तं खुश काऊन होऊन राह्यले?" बायकोने विचारलं. समजावून सांगितल्यावर ती भाजी उतरवून शेजारी येऊन बसली. अर्धा तास आम्ही दोघांनी खरखर ऐकली. दोन महिन्यांनी पत्र आलं, शमिरानने ऐकलं.

पुढे तिथे लढाई पोचली आणि गाव रिकामं झालं. शमिरान दुसऱ्या देशात जाऊन राहिली, केंद्रही बंद पडलं. मग भाऊ-बहीण फोनवर बोलायचे, भेट मात्र राहूनच गेली.

गेल्या आठवड्यात त्याच्या मुलीचा फोन आला. केंद्राने काही जपून ठेवलं नव्हतं आणि आत्याला बाबांची ती दोन वर्षं हवी होती, तिला ऐकू न आलेली. तुमच्याकडे काही आहे का? होतं. आवाज किती स्वच्छ येतो ते पुन्हा ऐकून ठरवायला मी कॅसेट भरत असे. शमिरानलाही फोनवर घेतलं, मी टेपरेकॉर्डर फोनजवळ धरला. योनान बोलू लागला... ठणठणीत. बातम्या झाल्या, काहीतरी वाचून झालं, आणि अगदी शेवटी हलक्या आवाजात त्याने काही विचारलं. पलीकडून म्हातारी दोन शब्द बोलली. मला काहीच कळेना. मुलीने इंग्रजीत सांगितलं, "बाबा शेवटी विचारतात, शमिरान, जेवलीस का? आत्या त्यांना सांगतेय, हो, जेवले."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तिला फोनवर एक कॅसेट लावतो. शेवटी तोच प्रश्न येतो, शमिरान रोज उत्तर देते. कपाटात आता एकतीस उरल्यात.