ब्रेकला पाजलेलं तेल

आमचा अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, उठसूट ब्रेकवर पाय देणाऱ्याला ड्रायव्हर म्हणायचाच नाही. आम्ही विणकर माणसं, घरात तेलुगू, गल्लीत मराठी, पिढ्यान्‌पिढ्या मागावर बसलेलो. हाच एक दिवटा घराबाहेर पडून गिरणीमालकाच्या मोटारीवर लागला. मोटार तरी कसली, दोघांपुरती, उघडी, लांब नाकाची, नुसतं पळायलाच केलेली. "वेग कमी करायचा तर गियर खाली घ्यायचा, इंजिनच चाकांना आवरतं. ब्रेक तापतो आन दगा देतो," असं तो जेवताना मला, चूल फुंकणाऱ्या पोरीला, शिकवायचा. मला डोंबल कळायचं. पण तो बोलत राहावा असं वाटायचं.

मालकाला मात्र गियर बदलतानाचा खरखराट खपत नसे. "मी शेजारी बसलो असताना ब्रेकच दाबायचा," अशी त्या मेल्याची सक्त ताकीद. अण्णा चडफडायचा, पण नोकरी ती नोकरी.

त्या साली खंडेनवमीला मालकानं मोटार आमच्या दारात पूजेला आणू दिली. अम्माला आभाळ ठेंगणं झालं. आमच्याकडं नवमीला माग पुसायचा, जिथं जिथं काही हलतं तिथं तेल सोडायचं, मग हळदकुंकू वाहायचं. अण्णा आंघोळीला गेला तेवढ्यात अम्मानं मोटारीचंही तसंच केलं. चाकांच्या आतल्या लोखंडी डब्यांना बारीक भोकं होती, त्यातून तिनं तेलाची बुधली रिकामी केली. लेकाची मोटार सुरळीत चालावी, एवढंच तिच्या मनात. पूजा झाली की त्या दिवशी हत्यार चालवायचं नसतं, म्हणून गाडी जागची हलली नाही.

दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी अण्णा ती घेऊन निघाला. मालकाच्या बंगल्यापर्यंत एकटाच होता, तेव्हा सगळा रस्ता त्यानं गियरवरच काढला असणार. ब्रेकला पाय लागलाच नसेल. पुढचं मालकानंच नंतर सांगितलं. विजापूर रस्त्याच्या उतारावर बैलगाडी आडवी आली. अण्णानं हुकमाप्रमाणं ब्रेक दाबला, चाकं थांबेनात. गियरला हात घातला तोवर उशीर झाला होता. गाडीवानाला वाचवायला त्यानं मोटार लिंबाच्या झाडावर घातली. मालक हात मोडून सुटला. आमचा अण्णा गेला.

मोटार उघडून बघणारा मिस्त्री सुतकातच दारी आला आणि वडिलांना म्हणाला, "ब्रेकच्या पट्ट्या तेलात लई भिजल्यात की. कुणी घातलं?" वडिलांनी माझ्याकडं बघितलं. अम्मा आत होती. "आमाला काय ठावं," ते म्हणाले. मग आत जाऊन त्यांनी अम्माला सांगितलं, ब्रेक चांगला होता, तुझा लेकच उतारावर गियर बदलत बसला.

अम्मानं ते खरं मानलं. त्यानंतर जन्मभर, दारावर कुणी मोटारवाला आला की ती सांगायची, "माझ्या पोराला शहाणपण नडलं, बाबा. मालक म्हनत हुता, ब्रेक दाब. त्यानं ऐकलं न्हाई." माझा जीव तुटायचा. ऐकलं म्हणूनच तर तो गेला होता. मग ती माझ्याकडं बघायची, आणि मी म्हणायची, "व्हय अम्मा, त्याचंच चुकलं."