रिकाम्या रकान्यांची सरासरी

आमच्या अभियांत्रिकी कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रोजेक्टचे विषय सुचवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. मोबाइल आणि बिनतारी नेटवर्क हा माझा विषय. सुचवायचं म्हणजे काय, तर हैदराबादच्या दुकानांत जे तयार प्रोजेक्ट मिळतात त्यांचीच नावं जरा फिरवून यादी करायची आणि नोटीस बोर्डावर लावायची. मुलं दुकानातून प्रोग्राम आणतात, अहवाल आणतात, तोंडी परीक्षेची उत्तरंसुद्धा आणतात आणि परतीच्या बसमध्ये पाठ करतात. हे मला माहीत आहे, मुलांना आहे, बाहेरून येणाऱ्या परीक्षकालाही आहे. सगळे मिळून कागदी घोडे नाचवतो आणि वर एकमेकांना सर म्हणतो.

त्या तयार प्रोजेक्टांत संगणकावर एक चौकोनी मैदान असतं. त्यात पन्नासेक मोबाइल पेरलेले असतात. मैदानात टेकडी नसते, सागाची झाडं नसतात, वीज जात नाही. त्यामुळे निकाल नेहमी उत्तम येतो.

काही वर्षांपूर्वी एक मुलगी यादी हातात घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. उटनूरच्या पलीकडच्या गावची, कापूस पिकवणाऱ्या मराठी घरातली. वर्गात तोंड न उघडणारी.

"सर, यादीतलं मले नाई कराचं. आमच्या गावात रेंज कुठी येते न कुठी नाई, थे मोजाचं हाय."

"काऊन?" मी विचारलं. घरी आम्हीही असंच बोलतो. शिकवताना मात्र इंग्रजी.

तिनं सांगितलं. रेशन दुकानात अंगठा घ्यायचं यंत्र आलं, पण यंत्राला रेंज लागते आणि गाव दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगटात. म्हणून दुकानदार महिन्यातून दोन दिवस यंत्र घेऊन टेकडीवर जाऊन बसतो आणि सारं गाव वर चढून अंगठा देऊन येतं. तिच्या वडलांच्या अंगठ्याच्या रेषा शेतीकामात झिजलेल्या, यंत्र त्यांना ओळखत नाही. त्यामुळे गुडघे दुखत असूनही आईलाच चढावं लागतं.

"टॉवरसाठी दरखास्त द्याची हाय गावाले. नुसतं तोंडानं सांगतलं त कोनी आयकत नाई. आकडे असले त आयकतीन."

मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू, मला त्यात माझाही फायदा दिसला. बढतीसाठी शोधनिबंध लागत होते आणि खरी मोजणी कॉलेजात कुणी केलेली नव्हती. मी परवानगी दिली.

तिनं तीन महिने दर सुट्टीला गावी जाऊन मोजणी केली. फोनमध्ये रेंज आकड्यात दाखवणारं अॅप असतं. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितकी रेंज चांगली. पन्नास पावलं चालायचं, थांबायचं, लिहायचं. शाळा, बोअरिंग, मारुतीचं देऊळ, रेशन दुकान, मग चढण, मग टेकडीचा माथा. सकाळी एकदा, दुपारी एकदा, दोन कंपन्यांची सिमं. लोक विचारायचे, पोरगी फोन घेऊन काय शोधून राह्यली. माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीत इतकी स्वच्छ वही मी पाहिली नव्हती. टेकडीवरचे आकडे ठळक. गावातल्या जागांपुढे मात्र रकान्यात नुसती आडवी रेघ. पानंच्या पानं रेघा.

त्या आकड्यांचा आलेख काढला तर तो तुटलेला दिसे. दोन ठिपके, मग काही नाही, मग एक ठिपका. विभागप्रमुख पाहून म्हणाले, हे अर्धवट वाटतं, परीक्षकाला काय दाखवाल? मीही मान डोलावली. सभ्य निबंधात आलेख असा फाटका नसतो.

मी तिला बोलावून सांगितलं, "रिकाम्या जागांत शेजारच्या आकड्यांची सरासरी भर. अशीच पद्धत असते."

"पन सर, तठी काईच नव्हतं."

"काहीच नाही असा आकडा नसतो," मी म्हणालो. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. थर्मामीटर फुटला, वाचन राहून गेलं, तर सरासरी भरतात, हे खरं. पण तिचं वाचन कुठे राहिलं होतं? ती त्या जागी उभी राहिली होती आणि रेंज नव्हती. ती रेघ हेच तिचं वाचन होतं. हे मला कळत नव्हतं असं नाही. मी या विषयाचा प्राध्यापक आहे.

तिनं भरलं. सर म्हणतात म्हणून भरलं. टेकडीवरचे चांगले आकडे उतरणीवरून घरंगळत गावात आले आणि अहवालातला गावाच्या रेंजचा नकाशा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हिरवा झाला. परीक्षक खूश झाले. काळ्या रेक्झिनच्या बांधणीत, सोनेरी अक्षरांत अहवाल आला. हे काम माझ्या मार्गदर्शनाखाली झालं आणि ते खरं आहे, अशा पानावर माझी सही. निबंध छापून आला, त्यात माझं नाव आधी, तिचं नंतर. पुढे बढतीही मिळाली.

निकालानंतर चारेक महिन्यांनी ती आली. गावानं दरखास्त दिली होती, सगळ्यांच्या सह्या-अंगठे होते आणि पुरावा म्हणून तिचा अहवाल जोडला होता. एका सरकारी दफ्तरातल्या साहेबांनी दरखास्त आस्थेनं वाचली, असं ती म्हणाली. तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग नकाशाचं पान उघडून रेशन दुकानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बेटा, तुम्हारी ही रिपोर्ट में तो यहाँ सिग्नल है." लेखी उत्तरही तसंच आलं: जोडलेल्या अहवालानुसार गावात रेंज आहे, टॉवरची गरज दिसत नाही. साहेबांचं काय चुकलं? त्यांनी वाचलं तरी. आमच्या कॉलेजात तेवढंही कुणी केलं नव्हतं.

ती रागावली नव्हती, हे मला जास्त झोंबलं. तिनं एवढंच मागितलं, की त्या जागांचे आकडे मोजलेले नाहीत, नंतर भरलेले आहेत, असं मी लिहून द्यावं. चार ओळी.

मी विभागप्रमुखांकडे गेलो. ते म्हणाले, लिहून द्या की, मग निबंध मागे घ्या, बढतीचंही बघा. मी परत आलो आणि तिला म्हणालो, नव्यानं मोजणी करा, नवा अर्ज द्या.

"नवे आकडे दिले त जुने खोटे होते काय म्हनतीन, सर. मंग नवे काऊन खरे मानतीन?"

बरोबर होतं तिचं. तिनं पिशवीतून अहवाल काढला, नकाशाचं पान उघडलं आणि बॉलपेननं हिरव्या रंगावर रेघा मारायला लागली. शाळा. बोअरिंग. देऊळ. रेशन दुकान. वही समोर नव्हती, तरी एकदाही थांबली नाही. मग पान माझ्याकडे फिरवून म्हणाली, "पत्र नका देऊ. इथी बाजूले फकत सही करा."

मी पेन हातात घेतलं होतं. "दाखल झालेल्या अहवालात खाडाखोड चालत नाही," मी म्हणालो.

तिनं अहवाल पिशवीत घातला, येते म्हणाली आणि उटनूरची बस धरायला गेली. त्या गावात अजून टॉवर नाही. आई अजून चढते की नाही, हे विचारायचं तोंड मला नाही. ती गेल्यावर मला फार वाईट वाटलं, असं इथे लिहायला बरं दिसलं असतं. खरं सांगतो, मला हायसं वाटलं.