प्रांजलच्या अभिनंदनाचा फ्लेक्स

घ्या, चहा घ्या. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण ही गोष्ट सांगताना मध्येच कोणी दात काढले की माझं डोकं फिरतं. ते एरवीही फिरलेलंच असतं असं आमची सुवर्णा म्हणते. बायको आहे, म्हणणारच. पण गेल्या जूनमध्ये ते असं फिरलं की भर सकाळी, शाळेच्या गेटसमोर, मला शिडीवर चढायला लागलं. पन्नाशीला टेकलेला माणूस मी, गुडघा धरतो माझा. आता बोला.

सुरुवात झाली चिखलापासून. माझी मुलगी प्रांजल, तेव्हा नुकतीच नववी संपवून दहावीत जाणारी, हिने खाडीच्या चिखलावर बल्ब पेटवला. त्या काळ्या चिखलात म्हणे कसले तरी जंतू असतात आणि ते वीज तयार करतात. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण बल्ब पेटला हे मी या डोळ्यांनी बघितलंय. आम्ही मूळचे ठाण्याचे कोळी. मी नोकरी धरून कळव्याला फ्लॅटमध्ये आलो, पण माझा थोरला भाऊ अजून कोळीवाड्यात आहे, होडी आहे त्याची. दादा बादल्या भरभरून चिखल आणून देणार आणि पोरगी तो बरण्यांमध्ये भरून आमच्या बाल्कनीत ठेवणार. सगळी बिल्डिंग नाक धरून फिरत होती. सोसायटीचे चेअरमन वासाची तक्रार घेऊन आले तेव्हा मी त्यांना दारातूनच परत पाठवलेलं. काय बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही.

आणि तोच प्रयोग राज्याच्या विज्ञान प्रदर्शनात दुसरा आला. राज्यात दुसरा! मी ऑफिसात पेढे वाटले, तेही न आवडणाऱ्या लोकांना.

मग शाळा उघडायच्या आधी एकदा मी दहावीच्या वह्यापुस्तकांची चौकशी करायला शाळेत गेलेलो. गेटवर हा भलामोठा फ्लेक्स. 'स्वागत विद्यार्थ्यांचे, अभिनंदन गुणवंतांचे.' वर संस्थेचे अध्यक्ष, हात जोडून. मग उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार, सगळे हात जोडून. आणि खाली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी माझी प्रांजल. त्यातही दोरी ओवायची रिंग नेमकी तिच्या कपाळातून ठोकलेली. म्हणजे जिने काम केलं तिच्या डोक्याला भोक, आणि ज्यांनी खुर्च्या उबवल्या ते हसतायत. संताप येईल की नाही? तुम्हीच सांगा.

मी तसाच मुख्याध्यापिका पाटकर बाईंच्या खोलीत शिरलो. बाई शांत, अगदी पुण्याच्या वळणाचं बोलणाऱ्या. मी विचारलं, चिखल काय तुमच्या अध्यक्षांनी काढला? बाई म्हणाल्या, पदाधिकाऱ्यांना वगळता येत नाही, त्यामुळे मुलांच्या फोटोंना जागा कमी पडते. पण शाळा सुरू होईल त्या दिवशी परिपाठाला प्रांजल सगळ्या शाळेसमोर तिच्या प्रयोगाबद्दल बोलणार आहे, तुम्ही अवश्य या, तिला धीर येईल.

मी काय ऐकलं? फक्त जागा कमी पडते. पुढचं सगळं डोक्यावरून गेलं.

"जागा मी दाखवतो तुम्हाला," मी म्हटलं. "या गेटच्या समोर माझ्या मुलीचा फ्लेक्स लावतो. फोटो केवढा असतो ते बघाच."

घरी येऊन सांगितलं तर प्रांजलचं तोंड उतरलं. तिला फ्लेक्स नको होता. तिला हवं होतं की मी तिचं भाषण ऐकावं. त्याचं कारणही साधं होतं. प्रदर्शनात दोन परीक्षक टेबलाजवळ येतात, त्यांच्याशी ती मस्त बोलते. पण सातवीत असताना स्टेजवर भाषणाला उभी राहिली, मध्येच सगळं विसरली आणि माईकवरच रडायला लागली. अजून काही पोरं तिला त्यावरून चिडवतात. आता पुन्हा तोच माईक, तीच पोरं.

"पप्पा, तू एकदा ऐक ना," ती म्हणाली. "आणि त्या दिवशी समोर उभा राहा. मी तुझ्याकडे बघून बोलेन."

"हो गं," मी म्हटलं. "एकदा हा फ्लेक्स मार्गी लागू दे."

कळव्यात स्टेशनकडे आमच्या ओळखीचा नितीन आहे, फ्लेक्स छापतो. त्याने झकास डिझाइन केलं. मधोमध मोठा गोल, गोलात ट्रॉफी घेतलेली प्रांजल, गोलातच खाली तिचं नाव. बघून माझं रक्त थोडं थंड झालं. मग नितीनने विचारलं, शुभेच्छुक कोण? मी म्हटलं कोणी नाही. तो हसायलाच लागला. शुभेच्छुकाशिवाय फ्लेक्स म्हणजे बेवारस म्हणे, पालिकावाले पहिला तोच उतरवतात. म्हणून माझा एक फोटो दिला, पुतण्याच्या लग्नातला, फेटा बांधलेला. सुवर्णाने स्वतःचा द्यायला साफ नकार दिला. हे कुठे जाणार ते तिला तेव्हाच कळलेलं असणार. बायकांना आधी कळतं आणि त्या सांगत नाहीत, याचाही मला राग आहे.

ही बातमी कोळीवाड्यात पोचायला किती वेळ लागतो? दादाचा फोन.

"चिखल मी काढला, होरी माझी, न मना फोटू नाय?"

आता थोरल्या भावाला नाही कसं म्हणणार? फोटो पाठवला तो गॉगल लावलेला आणि हातात हे एवढं मोठं जिताडं धरलेला. मी म्हटलं, दादा, मासा कापून टाकतो फोटोतून. तर म्हणे मासा कापलास तर घरी पाय ठेवू नकोस. राहिला मासा.

मग डोंबिवलीहून मेहुण्याचा फोन. मुलीचा काका दिसणार आणि सख्खा मामा नाही दिसणार, असं कसं? सुवर्णाने नुसती भांडी आदळली. बरं, मेहुणा एकटा येईना. एकट्याचा फोटो बरा दिसत नाही म्हणून बायको आणि दोन मुलांसकट आला. नंतर शाळेसमोरचे स्टेशनरीवाले देसाई. त्यांच्या दुकानावर फ्लेक्स बांधायचा होता, तर दुकानावर तुम्ही, मग फ्लेक्सवर मी, असा त्यांचा हिशोब. आणि सगळ्यात कळस म्हणजे आमचे चेअरमन. तेच, वासाचे. लिफ्टमध्ये गाठून म्हणाले की सोसायटीची मुलगी आहे, सोसायटीचा पाठिंबा दिसायला हवा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण माझं पार्किंग त्यांच्या हातात आहे. घेतला त्यांनाही.

दर वेळी मी नितीनला फोन करायचो आणि दर वेळी तो म्हणायचा, भाऊ, जागा नाय. दर वेळी मी ओरडायचो. फ्लेक्स छापायला जायच्या संध्याकाळी एका कानाला मेहुणा होता, माझं नाव दादाच्या नावाच्या खाली का म्हणून हुज्जत घालत होता, आणि दुसऱ्या फोनवर नितीन.

"भाऊ, तो मधला गोल लय जागा खातोय. काय करू त्याचं?"

"काढ, बारीक कर, काय वाट्टेल ते कर," मी खेकसलो. "मला परत फोन करायचा नाही."

त्याने नाही केला. शब्दाचा पक्का माणूस. व्हॉट्सॲपवर डिझाइन तेवढं पाठवलं. मी चष्मा लावून, मोठं करून करून, एकेक नाव तपासलं. दादाचं नाव वर आहे का, मेहुण्याच्या नावाला 'श्री' आहे का, चेअरमनचं 'सन्माननीय' राहिलं नाही ना. भांडणं तिथूनच होणार होती ना. सगळं नीट बघून अंगठा पाठवला.

या सगळ्यात प्रांजल बाल्कनीत बरण्यांना भाषण म्हणून दाखवत होती. मधून मधून दारात यायची आणि विचारायची, पप्पा, आता? मी फोन कानाला लावून हाताने थांब म्हणायचो. शेवटी तिने विचारायचं सोडून दिलं. ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

शाळेचा पहिला दिवस. मी इस्त्रीचा शर्ट घालून तिला स्कूटरवरून सोडायला गेलो. खाडीचा पूल ओलांडेपर्यंत ती मागे बसून ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती. गेटपाशी उतरली, एकदा रस्त्यापलीकडे बघितलं आणि मान खाली घालून आत गेली. मला वाटलं, भारावली. मी स्कूटर लावली, केसांवरून हात फिरवला आणि ऐटीत फ्लेक्सकडे वळलो.

वर मोठ्या अक्षरात 'हार्दिक अभिनंदन'. खाली मी. फेट्यात, हात जोडून, सगळ्यांत मोठा. माझ्या बाजूला दादा, गॉगल आणि जिताडं. मग मेहुण्याचं अख्खं कुटुंब, देसाई, चेअरमन.

आणि प्रांजल? नव्हती. वर बघितलं, खाली बघितलं, कडेला बघितलं. फोटो नाही, नाव नाही. नाव गोलातच होतं ना, गोलाबरोबर गेलं. माझ्या मुलीच्या अभिनंदनाच्या फ्लेक्सवर मासा होता, मुलगी नव्हती.

नितीनला फोन लावून जे तोंड सोडलं ते विचारू नका. तो गरीब आवाजात म्हणाला, भाऊ, तुम्हीच बोललेले ना काढ म्हणून? तेवढ्यात कोणीतरी पालक हात पुढे करत आले आणि म्हणाले, अभिनंदन साहेब, कुठल्या वॉर्डातून उभे राहताय? त्यांना मी कसं सोडलं माझं मला माहीत. आणि मग पाटकर बाई गेटवर आल्या. त्यांनी फ्लेक्स नीट, सावकाश वाचला. मी भांडायला तयारच होतो. एक टोमणा मारू देत, मग बघतो यांच्याकडे, असं मनात म्हणत होतो. पण बाई एवढंच म्हणाल्या, "परिपाठ सुरू होतोय. आत या, ती वाट बघत असेल."

टोमणा न मारणाऱ्या माणसाचं करायचं तरी काय? मी आणखीच भडकलो.

जायला हवं होतं हो तेव्हाच. पण डोक्यात एकच बसलेलं, की परिपाठ संपायच्या आत हे थोबाड इथून उतरवायचं. दोन मिनिटांचं काम, असं मला वाटलं. देसाईंकडून शिडी घेतली. त्यांनी खाली उभं राहून माझा फोटो फाडू नका हं, असं तीनतीनदा बजावलं. वर चढलो तर नितीनच्या माणसांनी अशा गाठी मारलेल्या की कोळ्याच्या पोराला सुटेनात. दातांनी ओढतोय, शिव्या देतोय, खाली माणसं जमतायत. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडे स्पीकरवर तिचा आवाज आला.

"नमस्कार. माझं नाव प्रांजल. मी खाडीच्या चिखलापासून..."

आणि थांबली. मला वाटलं श्वास घेतेय. पण नाही, थांबलीच. मग मागून कुठूनतरी एक पोरगा फिसकन हसला, तेही माईकवर ऐकू आलं. ती माझ्याकडे बघून बोलणार होती आणि मी रस्त्यावर, शिडीवर, स्वतःच्या फेट्याशी झोंबत होतो. एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि काढायला समोर दुसरं कोणीच नव्हतं.

कसाबसा उतरलो. अर्धा सुटलेला फ्लेक्स माझ्याबरोबरच खाली आला, तो बगलेत कोंबला आणि लंगडत गेटकडे पळालो. गेट बंद. वॉचमन म्हणाला, परिपाठ चालू झाला की कोणाला सोडायचं नाय, बाईंची ऑर्डर आहे. मी त्याच्यावर ओरडणार, तोच स्पीकर पुन्हा खरखरला.

"मी विसरले," प्रांजल म्हणाली. आवाज कापत होता. "मला वाटलेलं माझे पप्पा समोर असतील. ते समोर नाहीत. पण ते बाहेर गेटसमोर आहेत, फ्लेक्सवर. मासेवाल्या काकाच्या बाजूला. जाताना सगळ्यांनी बघून घ्या."

सगळी शाळा हसली. तिच्यावर नाही, माझ्यावर. आणि ती पण हसली, मला ऐकू आलं ते. मग पोरगी जी सुटली ती थांबेचना. जंतू, वीज, तारा, सगळं घडाघडा. शेवटी तिने बल्ब पेटवला असणार, कारण आतून पोरांचा मोठा आवाज आला आणि टाळ्या वाजत राहिल्या. मी गेटच्या सळ्या धरून बाहेर उभा होतो आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, बगलेत मी होतो.

वॉचमनने माझ्या बगलेतल्या फेट्याकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. जरा नरम आवाजात म्हणाला, "ती आत बोलतेय, त्या मुलीचे कोण तुम्ही?"

बाप म्हणायला तोंड उघडलं, आणि बगलेतल्या फेट्याकडे माझीही नजर गेली.

"शुभेच्छुक," मी म्हटलं.