पाण्याचा ग्लास

बायको एका सोमवारी गेली. तेरवी झाली, तरी माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता.

त्याच महिन्यात चंद्रपूरजवळच्या सिमेंट कारखान्यातले फ्रेंच इंजिनियर मायदेशी निघाले. मी त्यांना कामापुरती मराठी शिकवली होती, म्हणून निरोपाच्या जेवणाला त्यांनी मला गेस्टहाउसवर बोलावले. मुंबईहून आणलेला आचारी होता. एकेक पदार्थ वेगळ्या प्लेटमध्ये येई, आणि त्याच्याबरोबर वेगळी वाइन, नवा ग्लास. मी पीत नाही. माझ्यापुढे पाणी होते.

वाढायला मूल गावाकडचा एक म्हातारा होता. माझे भादरलेले डोके पाहून तो वाकला.

"कोन गेलं, गुरुजी?"

"बायको."

मासळी आली, सगळ्यांचे ग्लास बदलले, तेव्हा त्याने माझाही बदलला आणि नव्यात पाणी ओतले.

"पाणीच तर आहे. कशाला बदलता?"

"हे सायेब पानी सोडून सगळं पेतेत. तुमी पानी पेता. पन पंगत तं एकच हाय."

सगळ्यांची मासळी संपली. माझी तशीच होती. तो प्लेटा न उचलता माझ्यामागे उभा राहिला.

"तुमचं झाल्याबिगर पंगत उठते का, गुरुजी? सायबायच्यातबी उठत नाई. खा. मी हावो उभा."

सगळे थांबले होते. मी एक घास घेतला, मग दुसरा. त्याने प्लेट उचलली आणि ग्लास बदलला.

मी निघालो तेव्हा तो स्वयंपाकघरात होता. आभार मानायचे राहून गेले.

आता घरात मी एकटा असतो. दोन्ही वेळा जेवतो.