तीन किलो, एकशे साठ

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. सख्ख्या भावालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही – ओळखत असता तर तोंड उघडलंच नसतं. आणि एक आधीच सांगून ठेवतो. ‘चालायचंच, होतं असं कधी कधी’ म्हणून पाठीवर हात ठेवायला येणार असाल, तर येऊच नका. त्या हातांचा मला संताप येतो.

धनसिंग नावाचा माणूस होता. होता म्हणजे – आहे, चांगला धडधाकट आहे. मूळचा साखऱ्याकडच्या एका तांड्यावरचा. जवळा बाजारच्या रस्त्याला आमची सोयाबीन तेलाची मिल, तिथं तो बॉयलर चालवायचा आणि मिलमागच्या खोलीत बायको-लेकरांसह राहायचा. मी त्याचा साहेब. डिप्लोमावाला. तो मला आवडत नव्हता. काहून? तर रुजू झालो त्याच आठवड्यात त्यानं चार मजुरांसमोर माझी चूक दाखवली होती. तीही हसून नाही, अगदी अदबीनं. हसला असता तर मी विसरलो असतो कदाचित.

तर काम असं. तेल काढून झालं की पेंड उरते. तिच्यात वाफ सोडून ती शेकावी लागते. बॉयलरमधली वाफ दहा किलो दाबाची, मध्ये एक व्हॉल्व्ह, तो दाब तीन किलोवर आणतो. आता तीन किलोची वाफ किती गरम? पुस्तकात तक्ता असतो, त्यात सरळ लिहिलंय – एकशे त्रेचाळीस डिग्री. झालं. माझ्यापुरता विषय संपला.

पण हे सगळं घडायच्या महिनाभर आधी मी एक शहाणपणा केला होता. वाफेबरोबर पाणी येतं म्हणून पाइपावर पाणी वेगळं काढणारं भांडं बसवून घेतलं. मालक खूश. वाफ कोरडी खडखडीत यायला लागली – आणि पेंड करपायला लागली.

धनसिंग माझ्या टेबलापाशी आला. दाब तीनच आहे, पण व्हॉल्व्हच्या पुढचा तापमानाचा काटा एकशे साठ दाखवून राहिला, म्हणाला. मी म्हटलं, काटा बिघडला असेल. दुसऱ्या दिवशी परत हजर. काटा खोलून त्यानं उकळत्या पाण्यात धरून पाहिला होता. बराबर शंभर. मी मान वर न करता त्याला कामाला जायला सांगितलं. तो गेला. आणि दर तासाला लॉगबुकात जे दिसेल ते लिहीत राहिला – तीन किलो, एकशे साठ. आठ दिवस.

मग आमची पेंड घेणाऱ्या कोंबडीखाद्यवाल्यानं दोन ट्रक माल परत पाठवला. मालकांनी दुपारी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. कोणाच्या तरी गळ्यात ते पडणारच होतं, आणि भांडं माझं होतं.

मी काय केलं, ऐका. तक्त्याचं पान उघडून मालकांसमोर ठेवलं आणि शेजारी धनसिंगचं लॉगबुक. म्हटलं, हे बघा, एकशे साठ डिग्रीची वाफ म्हणजे दाब पाच किलोच्या वर. यानं व्हॉल्व्ह जास्त उघडा ठेवला, पेंड जाळली, आणि वहीत तीन लिहून मोकळा झाला. त्याच्याच अक्षरात पुरावा आहे.

त्यानं खोटं लिहिलं असतं, एकशे त्रेचाळीस लिहिलं असतं, तर माझ्या हातात काही आलं नसतं. खरं लिहिलं म्हणून सापडला.

“मी दोन्ही काटे पाहून लिवलं, मालक,” तो म्हणाला. “दोन्ही खरं हाय.”

मालकांनी माझ्याकडे पाहिलं.

“दोन्ही खरं असूच शकत नाही,” मी म्हणालो.

तेव्हा मला माहीत नव्हतं, नंतर कळलं – इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. आत्ता सांगतानाही तसंच वाटू दिलं तुम्हाला. साफ खोटं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी पॉलिटेक्निकची जुनी वही काढली होती. माझ्याच हातानं लिहिलेलं होतं – कोरडी वाफ व्हॉल्व्हमधून जाताना दाब सोडते, उष्णता सोडत नाही. ती उष्णता तिच्यातच राहते, म्हणून वाफ तक्त्यापेक्षा जास्त गरम निघते. तक्ता ओल्या वाफेचा. आधी वाफेतलं पाणी ती जास्तीची उष्णता खायचं, माझ्या भांड्यानं ते पाणीच काढून टाकलं होतं. मी कागदावर गणित केलं. एकशे साठच्या आसपास आलं. तो कागद घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि मीटिंगला गेलो. बोललो तेव्हा तो खिशात होता. समजलं? खिशात होता.

धनसिंगला दुसऱ्या दिवशी खोली रिकामी करायला लावली. खोटं लिहिणारा बॉयलरवाला म्हणून आसपासच्या कुठल्याही मिलनं त्याला उभं केलं नाही. मी त्याच आठवड्यात व्हॉल्व्हच्या पुढं पाण्याचा बारीक फवारा बसवला. कारण विचारलं तर पाइप धुवायला, म्हणून सांगितलं. वाफ एकशे पंचेचाळीसवर उतरली. पेंड सोन्यासारखी. मालक सगळ्यांना सांगत सुटले – बघा, तो माणूस गेला आणि माल सुधारला. मी मान हलवली.

गेल्या वर्षी जवळा बाजारच्या आठवडी बाजारात तो भेटला. हळदीच्या हंगामात भाड्यानं फिरणाऱ्या हळद शिजवायच्या बॉयलरवर असतो म्हणाला, बाकी वेळ मिळेल ते. मी शिवीची वाट पाहत होतो. तीही दिली नाही यानं. डोक्यात तिडीक गेली माझ्या. तो जवळ आला आणि कामावर विचारायचा तसंच विचारलं –

“आता पेंड जळत न्हाई म्हणं. काय केलं साहेब तुमी?”

त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. सात वर्षं ते कोडं घेऊन फिरत होता तो माणूस. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आजूबाजूला ओळखीचं कोणी नव्हतं. नोकरी जायची नव्हती, मान जायचा नव्हता.

“काही नाही,” मी म्हणालो. “नवा ऑपरेटर नीट लक्ष देतो.”

“व्हय,” तो म्हणाला. पिशवी उचलली आणि गेला.