मी जाहिरात केलेलं, मी न पाहिलेलं गोदाम: पुणे ते सोलापूर

शुक्रवारी दुपारी साहेबांनी त्यांचा लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला आणि सोमवारपर्यंत एका गोदामाचे चाळीस चांगले अभिप्राय लिहून हवेत म्हणाले. शनिवारी सकाळी सहाला मी बाईक काढली आणि सोलापूरच्या रस्त्याला लागलो. मधल्या रात्री झोप लागली नाही, एवढंच तिच्याबद्दल सांगण्यासारखं.

या ब्लॉगवर मी आजवर घाट, किल्ले आणि खाणावळी यांच्याबद्दल लिहिलं. पोटापाण्याला काय करतो ते कधी लिहिलं नाही. पुण्यातल्या एका लहानशा जाहिरात कंपनीत मी गोदामवाल्यांची आणि वाहतूकवाल्यांची कामं सांभाळायचो. वेबसाइटचा मजकूर, ऑनलाइन नकाशावरची नोंद, सर्चमध्ये वर दिसणाऱ्या जाहिराती, व्यापाऱ्यांच्या मोबाइल ग्रुपवर फिरणारी चित्रं, सगळं माझ्याकडे. त्यातलंच एक गोदाम सोलापूर जिल्ह्यात, माढ्याच्या बाजूला. दोन वर्षं मी त्याची जाहिरात केली. ते मी एकदाही पाहिलं नव्हतं.

साहेबांनी दाखवलेला अभिप्राय एका बाईंचा होता. नाव सुनंदा. लिहिलं होतं: ‘जाहिरातीत खाण्याच्या वस्तूंसाठी खास विभाग आहे म्हणून कडक भाकरीचे बॉक्स ठेवले. सगळ्या भाकरीला फवारणीच्या औषधाचा वास लागला. फोटोतलं गोदाम हे नाहीच.’ खाली त्यांनी स्वतः काढलेला फोटो होता. पत्र्याची शेड, मध्ये निळी ताडपत्री, ताडपत्रीच्या एका बाजूला त्यांचे बॉक्स आणि दुसऱ्या बाजूला औषधाचे डबे आणि खताची पोती.

‘खाण्याच्या वस्तूंसाठी खास विभाग’ हे शब्द माझे. गोदामाच्या मालकानं फोनवर सांगितलं होतं की खायचंही ठेवतो आपण, तेव्हा ते मी असं सजवून लिहिलं. चकचकीत फरशीचा फोटो मी फुकटच्या फोटोंमधून उचलला होता. तो कुठल्या देशातला होता तेही मला माहीत नाही.

आधी गोदाम बघून येतो, मग अभिप्रायांचं बघू, असं मी साहेबांना म्हणालो. त्यावर ते म्हणाले, ‘त्यात काय बघायचंय? गोदाम आहे ते.’ माझं डोकं सणकलं ते या वाक्यानं, कारण दोन वर्षं मीही हेच समजत होतो.

रस्त्याचं सांगतो, तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर. हायवे उत्तम आहे, बाईकला टोल नाही, पाच तास धरून चाला. फेब्रुवारीच्या अखेरीला सकाळी अकराच्या पुढे ऊन चटका देतं, म्हणून लवकर निघा. भिगवणला मी एरवी पक्षी बघायला आत वळतो. या खेपेला वळलो नाही. टेंभुर्णीला पोहे आणि चहा झाला, साठ रुपयांत. हॉटेलवाल्यानं विचारलं, पंढरपूर का अक्कलकोट. गोदाम बघायला चाललोय म्हटल्यावर त्यानं पुढं काही विचारलं नाही.

शेटफळच्या अलीकडे मोबाइलच्या नकाशानं मला थांबवलं आणि तुम्ही पोहोचलात असं सांगितलं. समोर ऊस होता. नुसता ऊस. बांधावर एक गृहस्थ पाइप जोडत होते. गोदाम कुठे आहे विचारल्यावर त्यांनी पाइप खाली ठेवला.

“रोज येकतरी गाडीवाला येतोय हितं. परवा चौदा चाकी ट्रक वळवताना माझा बांध फोडला. कुणी टाकलंय वो ते मोबाइलमदी?”

मी टाकलं होतं. मालकाला ‘हायवेला लागून’ असं दिसायला हवं होतं, म्हणून पुण्यात बसून ती खूण मी बोटानं उचलून हायवेवर ठेवली होती. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, शिवी दिली नाही, आणि हात करून दाखवलं की माढ्याच्या रस्त्याला अकरा किलोमीटर आत जावा. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

आतला रस्ता अरुंद आहे, मधे मधे उखडलेला. दोन्ही बाजूंना ज्वारीची काढणी चाललेली, कडबा रचलेला. एरवी मी इथे चार फोटो काढले असते. मी फक्त किलोमीटर मोजत होतो आणि प्रत्येक खड्ड्याला ‘हायवेला लागून’ म्हणत होतो.

गोदामाचं दार उघडंच होतं. दारातच वास आला. फवारणीचं औषध ज्यानं हाताळलंय त्याला सांगायला नको. घशात बसतो, जिभेवर चव येते. तिथले रखवालदार बशीरचाचा, साठीच्या आसपासचे, पूर्वी ट्रकवर होते आणि आता आठ वर्षं इथे आहेत. मी कोण ते सांगितलं तर त्यांनी आधी खुर्ची दिली, पाणी दिलं. मग आत नेलं. खास विभाग म्हणजे ती निळी ताडपत्री. दोरीवर टाकलेली, खालून हातभर उघडी.

मी त्यांना विचारलं की त्या बाई माल ठेवायला आल्या तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत का. माझ्या आवाजात दोष देणं होतं, ते त्यांना कळलं.

“बोललो की. तोंडानं सांगितलं, बाई, वास धरंल, हितं खायाचं ठिवू नका. तर तिनं फोन दाखवला. चाचा, ह्यात लिवलंय म्हनली, खास हाय म्हनून. आता माझं कुटं काय लिवल्यालं असतंय?”

ज्या माणसाला आठ वर्षं त्या शेडचा वास माहीत होता, त्यानं खरं सांगितलं होतं. समोर उभं राहून सांगितलं होतं. आणि त्याचं खरं माझ्या एका ओळीपुढे टिकलं नव्हतं, कारण ती ओळ नीट टाइप केलेली होती. मालकावरचा, साहेबांवरचा सगळा राग तिथे उलटा फिरून माझ्यावर आला. बशीरचाचांनी मालकालाही सांगितलं होतं म्हणे, औषधं वेगळ्या शेडमध्ये हलवा. मालक हो म्हणाला आणि वर्ष गेलं.

तिथून सोलापूर तासाभराचं. स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये आठशे रुपयांत खोली मिळाली, स्वच्छ, गरम पाण्यासह. सुनंदाताईंच्या फोटोत एका बॉक्सवर त्यांचा नंबर होता. फोन लावला आणि सांगितलं, गोदामाची जाहिरात मी लिहिली, भेटायचंय. त्या म्हणाल्या, उद्या दहाला या, तेव्हा चुली थांबतात.

संध्याकाळी नवी पेठेत हिंडलो. लग्नसराईची गर्दी, रिक्षा मुंगीच्या पावलानं. एका चादरीच्या दुकानात एक आजी कापडाची घडी उलगडून, चोळून, नाकाला लावून बघत होत्या. दुकानदार शांतपणे थांबला होता. त्यांच्या जागी मी असतो तर मोबाइलमध्ये अभिप्रायांचे तारे मोजले असते. जेवण शेंगाची चटणी, भाकरी आणि पिठलं, शंभर रुपयांत पोटभर. चव उत्तम होती. मला ती धड लागली नाही.

रविवारी दहाला जुळे सोलापूरला पोहोचलो. दोन मजली घराच्या मागच्या पत्र्याखाली भाकरीचं काम. सुनंदाताई चाळिशीच्या, कपाळावर पीठ. पूर्वी इथे आठ जणी भाकरी थापायच्या, आता तिघी. बाकीच्यांना काम नाही. गोदामातून गेलेला माल पुणे आणि बेंगळुरूला पोहोचला, लोकांनी पाकिटं फोडली आणि परत पाठवली. ज्या ऑनलाइन बाजारात ताईंचं दुकान होतं त्यांनी निकृष्ट माल म्हणून ते बंद केलं. परत आलेल्या भाकरी गाईलाही घालता येईनात. त्यांनी प्लॉटच्या कडेला खड्डा काढून पुरल्या. त्यांनी मला ती जागा दाखवली. तिथे अजून काही उगवलेलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं.

“तुमी ते गोदाम बघितलं होतं का?”

“नाही. काल पहिल्यांदा बघितलं.”

“मग येवढं चांगलं कसं लिवलं तुमी?”

त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आवाज चढलेला नव्हता. मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही, नाकारलीही नाही. माफीनं दुकान उघडत नाही, असं काहीसं म्हणाल्या. सोलापुरात मी ज्या ज्या घरी गेलोय तिथून जेवल्याशिवाय सुटलो नाही. या घरात मला कुणी जेवायला थांबा म्हटलं नाही. बरोबरच होतं ते.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. दुकान बंद करणाऱ्यांना त्या महिनाभर पत्रं लिहीत होत्या, की खराबी आमच्या चुलीत झाली नाही, गोदामात झाली. उत्तर यायचं, पुरावा द्या. आणि पुरावा म्हणून ते लोक गोदामाची जाहिरात बघायचे. जाहिरातीत तर खास विभाग होता, चकचकीत फरशी होती.

मी तिथेच बसून लिहून दिलं. फोटो त्या गोदामाचा नाही, विभाग अस्तित्वात नाही, मजकूर मी न बघता लिहिला, खाली माझं पूर्ण नाव आणि सही. शेडमध्ये काढलेले सात फोटो जोडले. ताईंनी ते दोनदा वाचलं, एका ठिकाणी मी ‘अनवधानानं’ लिहिलं होतं ते खोडायला लावलं. मी खोडलं.

निघण्यापूर्वी त्यांच्याच फाटकापाशी उभं राहून नकाशावरची खूण शेडवर नेली, खोटा फोटो काढून खरे टाकले, खास विभाग पुसला. पासवर्ड तेव्हा माझ्याकडेच होता. मोहोळला चहाला थांबलो तोवर साहेबांचे नऊ फोन येऊन गेले होते. दहावा घेतला. ते ओरडले नाहीत. तू कुणासाठी काम करतोस, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आता कुणासाठीच नाही बहुतेक.

सोमवारी नोकरी गेली. बुधवारी पाहिलं तर खूण पुन्हा उसात होती आणि चकचकीत फरशी जागेवर आली होती. वर चाळीस नवे अभिप्राय. ‘अत्यंत स्वच्छ.’ ‘माल अगदी घरच्यासारखा सांभाळतात.’ सुनंदाताईंचा अभिप्राय शोधायला मला बराच वेळ खाली जावं लागलं. नव्या अभिप्रायांतले बरेच ज्यानं लिहिले त्याला मी शिकवलंय, वाक्यांवरून ओळखतो. त्यानं अजून गोदाम बघितलेलं नाही.

ताईंचं दुकान तीन आठवड्यांनी उघडलं. जुने सगळे तारे पुसले गेले, शून्यापासून सुरुवात. आठपैकी पाच जणी आता कामावर आहेत असं त्यांनी कळवलं. बाकी काही लिहिलं नाही.

आणि माझ्याकडे काय राहिलं, तर फोन. दोन वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांच्या एका ऑनलाइन यादीत मी त्या गोदामाचा संपर्क म्हणून माझाच मोबाइल नंबर दिला होता. ती यादी चालवणारे उत्तर देत नाहीत, नंबर निघत नाही. मग मी प्रत्येक फोन घेतो. काल बार्शीहून एका पापडवाल्या बाईंचा आला. मी सगळं सांगितलं: औषधं, ताडपत्री, अकरा किलोमीटर. त्यांनी ऐकून घेतलं.

“पण चाळीस जणांनी चांगलं म्हटलंय की.”

मी म्हणालो, तुम्ही जा. तिथे बशीरचाचा म्हणून रखवालदार आहेत, ते काय सांगतात ते ऐका. बघते, म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्या गेल्या की नाही, मला कळायला मार्ग नाही.