अप्पांच्या सहीची चित्रं

चित्रकार अप्पा सबनीसांना शिवाजी पार्कात सगळे ओळखत. त्यांची मुलगी इरावती लोकांना माहीत होती ती चहा आणून देणारी म्हणून. तीही कला महाविद्यालयात शिकली होती. पण आई गेली, पुढं अप्पांचे हात कापायला लागले आणि तिचं स्वतःचं प्रदर्शन राहूनच गेलं.

हात कापतात हे बाहेर कळता कामा नये, असा अप्पांचा हट्ट. मग चित्रं इरावतीच काढू लागली. अप्पा खुर्चीतून बघत आणि शेवटी तिच्याकडूनच स्वतःची सही करून घेत. अशी अकरा वर्षं गेली. त्यातलीच एक मालिका मच्छीमार नगरातल्या बायकांची. इरावती सकाळी बसनं कफ परेडला जाई, मासळी वाळत घालणाऱ्या बायकांत बसून स्केचेस करी. 'म्हातारपणी सबनीसांना नवा हात फुटला,' असं एका समीक्षकानं लिहिलं. ते वाचून अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. 

अप्पा गेल्यावर धाकट्या भावानं, अवधूतनं, मोठं स्मृतिप्रदर्शन ठरवलं. तेव्हा एकसष्ट वर्षांच्या इरावतीनं त्याला खरं सांगितलं.

"ताई, मला काय माहीत नव्हतं?" तो म्हणाला. "पण आता बोलून अप्पांना खोटं पाडायचंय का तुला?"

ती स्केचबुकं घेऊन प्रदर्शन लागलं होतं त्या गॅलरीच्या संचालिकेकडे, प्रितीकडे गेली. प्रितीनं सगळं नीट पाहिलं, तिला पटलंही. दुसऱ्या दिवशी इरावतीनं काढलेली तेवीस चित्रं भिंतीवरून उतरवली गेली. आता आपल्या नावाच्या पाट्या लागतील, असं इरावतीला वाटलं. चौकशी केली तेव्हा कळलं, की प्रदर्शन अप्पांचं आहे, त्यात तिच्या चित्रांना जागा नाही.

चित्रं टेम्पोतून घरी आली. एका पेपरानं तिला वडिलांच्या नावावर बनावट चित्रं खपवणारी ठरवलं. अवधूतनं बोलणं टाकलं.

तिनं वर्षभर ब्रश हातात घेतला नाही. मग एक दिवस भायखळ्याची भाजीमंडई काढायला घेतली. पाच महिने लागले. खाली पहिल्यांदाच स्वतःचं नाव घातलं आणि चित्र दुसऱ्या एका गॅलरीत नेलं. तिथला तरुण व्यवस्थापक बराच वेळ बघत राहिला.

"छान आहे हो, मॅडम," तो म्हणाला. "पण वडिलांची छाप फार आहे. तुमचं स्वतःचं काही असेल तर आणा."

 इरावतीनं चित्र कापडात गुंडाळलं आणि ती बसस्टॉपवर येऊन उभी राहिली.